मुरुडच्या वाडीतील मुक्काम

प्रवासास निघालेल्या माणसाने रात्री उतरावे कोठे, हा प्रश्न फार जुना आहे. पूर्वी धर्मशाळा होत्या, देवळांच्या ओवऱ्या होत्या, आणि ओळखीच्या माणसाची ओळख निघाली तर त्याची पडवी होती. पुढे हॉटेले झाली. मोठ्या हॉटेलांतील खोल्या इतक्या सारख्या असतात की, सकाळी जाग आल्यावर आपण पुण्यात आहो की दिल्लीत, हे क्षणभर आठवावे लागते. या सारखेपणाचा लोकांस कंटाळा आला, तेव्हा प्रत्येक खोलीस निराळे रूप देणारी लहान हॉटेले निघाली. स्वीडनच्या उत्तर भागात युक्कासयार्वी नावाच्या खेड्यात तर बर्फाचे हॉटेल आहे. गोठलेल्या नदीतून बर्फाचे ठोकळे कापून आणावयाचे, त्यांच्या भिंती रचावयाच्या आणि एकेक खोली एकेका कलावंताने कोरून काढावयाची, असा उद्योग तेथे दर हिवाळ्यात चालतो. वसंत ऋतू आला की त्या खोल्या वितळून पुन्हा नदीस मिळतात!

आपल्या कोकणात असे निराळेपण पाहावयाचे असेल, तर मुरुडास जावे. हे मुरुड रायगड जिल्ह्यातील. महर्षी कर्वे ज्या मुरुडात वाढले, ते दापोलीजवळचे. आपले मुरुड हे पूर्वीच्या जंजिरा संस्थानातील गाव. १९४८ साली ते संस्थान विलीन झाले. नवाबांचा राजवाडा गावाबाहेरच्या टेकडीवर अजून उभा आहे. दक्षिणेस राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी सिद्दींचा जंजिरा आहे, आणि समोर समुद्रात शिवाजी महाराजांनी बांधविलेला पद्मदुर्ग दिसतो. पुष्कळ प्रवासी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहून येतात आणि त्याच दिवशी परततात. माझ्या मते ते अर्धेच मुरुड पाहतात. उरलेले अर्धे वाड्यांत आहे.

मुरुडच्या वाड्या लांबट व अरुंद असतात. रस्त्याच्या बाजूस घर, त्याच्या मागे विहीर, मग पोफळी आणि माड, आणि वाडी संपते तेथे जवळच पुळण व समुद्र. यांतील कित्येक घरांत आता प्रवाशांची उतरण्याची सोय असते. घरे राहण्यासाठी बांधलेली. पाहुण्यांचा विचार मागाहून आला. त्यामुळे एका घरातील खोली दुसऱ्या घरातील खोलीसारखी नसते. आमच्या शेजारच्या घरातील आजोबा बोटीवर खलाशी होते. तेथील पाहुण्यांच्या खोलीत पितळी कंदील टांगलेला होता आणि भिंतीवर दोरखंडाच्या गाठींचे नमुने लावलेले होते. पलीकडे एका कोळ्याच्या घरी माळ्यावर जाळी ठेवलेली असत आणि पाहुणे त्यांच्याखाली निजत. मासळीचा वास ज्यांस सोसत नाही, त्यांनी त्या घरी न उतरलेलेच बरे.

आम्हांस मिळालेली खोली पूर्वी सुपारीची कोठी होती. खिडकी एकच, तीही उंचावर. भिंती जांभ्या दगडाच्या आणि हातभर जाड. भर दुपारीही आत गारवा असे. जमिनीस नवी फरशी घातली होती, तरी वाळलेल्या सुपारीचा तुरट वास काही गेला नव्हता. कोपऱ्यात जुना तराजू होता. त्याच्या पारड्यात आमच्या मुलाने पहिल्याच दिवशी समुद्रावरचे शिंपले मांडले.

घराचा कारभार काकूंकडे होता. रात्री जेवणास मासे हवे असतील, तर ते सकाळीच सांगावे लागे. कारण काकू माणसे मोजून बाजारातून मासळी आणीत. एकदा पाहुण्यांपैकी काही जण जेवावयाचे सांगून गेले आणि रात्री दहा वाजेपर्यंत परतले नाहीत. काकू ओटीवर बसून राहिल्या. तव्याखालचा विस्तव त्यांनी विझू दिला नाही. ते आले तेव्हा भाकरी गरम मिळाली. परंतु त्या मंडळींच्या ध्यानातही आले नाही की, या घरातील माणसे अजून जेवावयाची आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वाडी पाहावयास गेलो. मला वाटले होते, दाट सावली असेल. पण माथ्यावर उन्हाचे पट्टे पडलेले. जुने माड मोजकेच उभे होते, आणि मध्ये पोफळीची कोवळी झाडे रांगेने लावलेली होती. मी कारण विचारले. काकू म्हणाल्या, “तुम्ही निसर्गाचे नाव ऐकले असेल.”

निसर्ग हे वादळाचे नाव. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरांहून अधिक होता. पोफळ उंच आणि सडपातळ. वाऱ्यापुढे ती मध्येच मोडते. काकूंच्या वाडीत त्या दुपारी आडव्या झालेल्या झाडांतून विहिरीकडे जाण्यास वाट उरली नाही. घराची कौलेही उडाली. करोनाच्या साथीमुळे तेव्हा प्रवास बंद होता, म्हणजे पाहुण्यांचे उत्पन्न आधीच थांबलेले. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरीपर्यंत सहा-सात वर्षे जातात. एवढी वर्षे घर चालवावयाचे कशावर?

“माडीवर पाहुण्यांच्या दोन खोल्या होत्याच,” काकू म्हणाल्या, “तिसरी ही कोठीची केली. कोठीत ठेवावयास सुपारीच नव्हती.”

आम्ही ज्या खोलीचे कौतुक करीत होतो, ती अशी निर्माण झाली होती. तिच्या भाड्यातून रोपे आली, खत आले. काकू पहाटे उठून पंप सुरू करीत आणि पाटाचे पाणी ओळीओळीने फिरवीत. त्यानंतरच आमचा चहा होई.

पोफळींपैकी काहींना त्या हिवाळ्यात पहिला फुलोरा आला होता. आमच्या मुलाने मान वर करून तो पाहिला आणि विचारले, “काकू, सुपारी झाली म्हणजे तुम्ही ती ठेवणार कोठे? आमच्या खोलीत?”

“तुमच्या कशी? सुपारीच्याच,” काकू हसून म्हणाल्या. “तेव्हा तू ये, तुला माडीवरची खोली देईन. तेथून समुद्र दिसतो.”