पीटीओचा क्लच: तपासणी आणि दुरुस्ती



भाताची मळणी सुरू झाली की पाड्यावरचा एक ट्रॅक्टर अनेक घरांच्या खळ्यांवर फिरतो. तो तीन दिवस बंद राहिला तर नुकसान एकट्या मालकाचे होत नाही. रांगेतल्या शेवटच्या घराचे भात उघड्यावर पडून राहते. म्हणून या पाठात पीटीओच्या क्लचकडे पाहू.

पीटीओ म्हणजे इंजिनाची ताकद थ्रेशरला किंवा रोटाव्हेटरला देणारा ट्रॅक्टरमागचा दांडा. तो साधारणपणे मिनिटाला 540, म्हणजे सेकंदाला 9 फेरे घेतो. पदर किंवा ओढणी त्यात अडकली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. दांड्यावरचे झाकण काढून ठेवणारा चालक कितीही हुशार असो, त्याच्या हाती ट्रॅक्टर देऊ नये.

आपल्याकडच्या अनेक ट्रॅक्टरना दुहेरी क्लच असतो: पेडल एक, प्लेटा दोन. पेडल अर्धे दाबले की चाकांची ताकद तुटते, पूर्ण दाबले की पीटीओचीही. हे ठाऊक नसलेला चालक अर्ध्यावरच थांबतो आणि पीटीओ बिघडला म्हणून मिस्त्रीला बोलावतो.

क्लच घसरतो आहे हे ओळखायचे कसे? पेंढी घातल्यावर इंजिनाचा आवाज तसाच राहिला आणि थ्रेशर मंदावला, तर ताकद मध्येच कुठेतरी निसटते आहे. लांब उभे राहून दांड्याकडे पाहावे. दांडा वेगात असेल तर दोष थ्रेशरच्या पट्ट्याचा. दांडाही मंदावला आणि जळका वास आला तर क्लचचा. इंजिनही दबत असेल, तर क्लच धरतो आहे. पेंढ्या कमी घाला.

आता तपासणी. इंजिन बंद, किल्ली खिशात, चाकांना ओंडके. पेडल हाताने दाबून त्याची मोकळी चाल मोजावी आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेतल्या मापाशी ताडून पाहावी. चाल उरलीच नसेल तर बेअरिंग कायम दाबलेले राहते आणि प्लेट पूर्ण धरत नाही. हे पान्याने दुरुस्त होते, पैसा लागत नाही. मग क्लचच्या हाउसिंगखालचे छिद्र पाहावे. तेल ठिबकत असेल तर इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे सील गेले आहे. सील न बदलता नवी प्लेट बसवणे म्हणजे तीही तेलात घालणे. असे होताना मी पाहिले आहे, आणि दोन्ही वेळा बिल शेतकऱ्यानेच भरले.

पुढचे काम गॅरेजचे. ट्रॅक्टर मधून दोन भागांत उघडावा लागतो. दगड रचून झाडाखाली हे करू नये, भक्कम स्टँड हवेत. अस्तर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत झिजले असेल किंवा तेलाने भिजले असेल तर प्लेट बदलावी. प्रेशर प्लेटवर निळे डाग म्हणजे ती तापली आहे. बारीक चिरा दिसल्या तर तीही गेली. तिची बोटे एकाच उंचीवर हवीत. मजुरीचा मोठा भाग उघडण्या-जोडण्यात जातो, म्हणून झिजलेले बेअरिंग त्याच वेळी बदलून घ्यावे. आतली धूळ हवेने उडवू नये. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी.

जोडणीनंतर इंजिन मंद ठेवून पीटीओ सुरू करावा आणि पहिल्या पेंढ्या थोड्या थोड्या घालाव्यात. नवे अस्तर बसते तशी पेडलची चाल कमी होते, म्हणून काही तासांच्या कामानंतर ती पुन्हा मोजावी.