तक्रार दिलीत, तर पोच घ्या

मी अमरावतीत शाळेत खेळ शिकवते. माझी सोळा वर्षांची एक कबड्डीपटू बाहेरच्या क्लबात सरावाला जायची. अकोल्याच्या शिबिराहून आली आणि तिनं मैदानच सोडलं. कधी अभ्यासाचं कारण, कधी गुडघ्याचं. खरं काय ते तिच्या आईनं सांगितलं. मसाजच्या नावाखाली प्रशिक्षक नको तिथं हात लावत होता.

आम्ही लेखी अर्ज घेऊन क्लबाच्या सचिवांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला, अर्ज वाचला आणि घडी घालून खिशात टाकला. "मॅडम, कायले वाढवता? पोरीचंच नाव खराब होईन न!" पोच मागितली, तर म्हणे आपल्यात कसली पोच! दुसऱ्या प्रतीवर तारीख, सही, शिक्का घेऊनच मी उठले आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात गेले. पुढं 'आमच्याकडे तक्रारच आली नाही' असं क्लब सांगू लागला, तेव्हा तो शिक्का कामी आला.

मुलगी अठराच्या आतली असेल तर 2012 चा पॉक्सो कायदा लागतो. ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपसात मिटवायचा अधिकार क्लबाला नाही. जबाबासाठी मुलीला ठाण्यात न्यावं लागत नाही. आमच्याकडे महिला अधिकारी साध्या कपड्यांत घरी आल्या. पोरगी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आईला टेकून बसली आणि सगळं बोलली.

सज्ञान खेळाडूंसाठी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. 'ती आमची कर्मचारी नाही' ही पळवाट चालत नाही. त्यात क्रीडासंस्था, स्टेडियम, स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तक्रार संस्थेच्या तक्रार समितीकडे करा; संस्थाचालकावरच आरोप असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. मुदत तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळू शकतात.

विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या मल्ल लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन जानेवारी 2023 मध्ये दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या. गुन्हा नोंदला गेला 28 एप्रिलला, तोही प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर. मग दर्यापूर-मूर्तिजापूरच्या पोरीचं तोंडी कोण ऐकणार?

पालकांनो, पोरीचा खेळ बंद करू नका. 1098 या चाइल्डलाइनवर फोन करा, अर्जाची प्रत जपा. आणि क्लबचालकांनो, तक्रार समितीतल्या सदस्यांची नावं मैदानाच्या फलकावर आजच लावा.