मनसरची खदान : आपल्या गावाचा इतिहास वर्गात कसा घ्यावा?



तिसरीच्या परिसर अभ्यासात आपला जिल्हा येतो. मागे मी मुलांना घरून लिहून आणायला एक प्रश्न दिला होता : 'आपल्या गावातील प्रसिद्ध व्यक्ती व ठिकाणे लिहा.' एका मुलीची वही कोरीच आली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, आमची आजी खदानीत गोटे फोडायची. ते लिहू का? आई म्हणते, नको लिहू."

चूक त्या आईची नव्हती, माझ्या प्रश्नाची होती. 'प्रसिद्ध' हा शब्द घातल्याबरोबर आजी बाहेर पडली. म्हणून हा पाठ मी नव्याने बांधला. तुमच्या शाळेलाही उपयोगी पडेल, असं वाटतं.

आधी माहिती

नागपूरहून जबलपूर महामार्गाने सुमारे 45 किलोमीटरवर, रामटेकच्या अलीकडे मनसर लागतं. शेजारी कांद्री. दोन्हीकडे मँगनीजच्या खदानी आहेत. 1896 मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही इंग्रज कंपनी स्थापन झाली आणि विसावं शतक उजाडताना या भागात खोदकाम सुरू झालं. सुरुवातीला टेकडीवर दिसणारं काळं धातुक उघड्यावरच खोदत, पुढे काम जमिनीखाली गेलं.

हे धातुक कशाला लागतं? पोलादाला. मँगनीजमुळे पोलाद कणखर होतं आणि त्यातल्या गंधकाचा दोषही निघतो. कोरड्या सेलमधली काळी पूडसुद्धा मँगनीजचीच असते. 1905 च्या सुमारास रशियात अशांतता माजली, तिकडचा पुरवठा अडला आणि मध्य प्रांताच्या धातुकाला एकदम भाव आला. म्हणजे हजारो कोसांवरच्या गडबडीने आपल्या गावात मजूर वाढले! मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात. 1933 मध्ये विशाखापट्टणमचं बंदर सुरू झालं, त्यामागेही मध्य प्रांताचं मँगनीज बाहेर पाठवणं हे एक मोठं कारण होतं.

स्वातंत्र्यानंतर 1962 मध्ये सरकारचा 51 टक्के वाटा असलेली 'मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड' म्हणजेच मॉइल तयार झाली. उरलेला वाटा 1977 मध्ये सरकारने घेतला. खदानी आजही चालू आहेत, पण पूर्वीचे हातांनी फोडायचे, टोपल्यांनी वाहायचे दिवस गेले.

विज्ञानात आपली नावं

भूवैज्ञानिक फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर मोठा ग्रंथ लिहिला, तो 1909 मध्ये आला. मँगनीजच्या एका खडकाला त्यांनी 'गोंडाइट' नाव दिलं, आपल्याकडच्या गोंड लोकांवरून. खडकांच्या एका थराचं नावच 'मनसर' आहे. जगभरचे अभ्यासक आपल्या गावाचं नाव वाचतात, आणि आपली लेकरं म्हणतात, "आमच्या गावात काही नाही."

आणि खदानीच्याही आधीचं मनसर आहे. तिथल्या हिडिंबा टेकडीवर 1998 पासून उत्खनन झालं, विटांची मोठी बांधकामं मिळाली. पाचव्या शतकातला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचं प्रवरपूर ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात. त्याच मातीत एकाने राजवाडा बांधला आणि दुसऱ्याने गोटे फोडले. दोन्ही इतिहासच.

वर्गात काय करायचं?

1. *दगड हातात द्या.* मँगनीजचा गोटा आणि तेवढाच साधा गोटा दोन्ही हातांत धरायला लावा. "बापरे, किती जड!" हे मुलांनीच म्हणू द्या. नंतर हात धुवायला सांगा.

2. *प्रश्न बदला.* 'प्रसिद्ध कोण' नको. विचारा : घरात खदानीत कोण जायचं? कोणत्या पाळीला? डबा काय असायचा? कुठल्या गावाहून आले? बायका वरती धातुक फोडण्या-निवडण्याचं काम करत, तेही नोंदवा.

3. *नियम सांगा.* 1952 च्या खाण कायद्याने बायकांना जमिनीखाली कामाला बंदी होती. 2019 मध्ये अटींसह परवानगी मिळाली. आज 18 वर्षांखालील कुणालाही खदानीत कामावर ठेवता येत नाही. का, यावर मुलांना बोलू द्या.

4. *सावधगिरी.* पाठ शाळेतच घ्या. जुन्या खड्ड्यांत पाणी साचतं, कडा ढासळतात. पालकहो, पोहायला किंवा फोटो काढायला लेकरांना तिकडे मुळीच पाठवू नका.

5. *शेवटचा प्रश्न.* जमिनीतलं धातुक परत उगवत नाही. संपलं की गावाने काय करायचं? याचं तयार उत्तर माझ्याकडेही नाही. मुलांनी शेती, रामटेकला येणारे पर्यटक, नवा कारखाना असं बरंच सुचवलं. सगळं फळ्यावर लिहिलं.

त्या मुलीने दुसऱ्या वेळी पान भरून आणलं. आजीने सांगितलं, आईने लिहायला मदत केली. पहिलं वाक्य होतं : 'माझी आजी खदानीत होती.' मी खाली बरोबरची खूण केली आणि वर्गात मोठ्याने वाचायला सांगितलं.

तुमच्या गावात खदान नसेल, पण गिरणी असेल, वीटभट्टी असेल, विडीचं काम असेल. प्रश्न तेवढा बदलून पाहा.