भूक, बातमी आणि धोरण : राजस्थानचा अनुभव

स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत व्यापक भूकबळी टळतात, असे अमर्त्य सेन यांनी मांडले. त्यांचीच पुढची नोंद विद्यार्थी बहुधा विसरतात : नित्याच्या कुपोषणाबाबत वृत्तपत्रांचा हा प्रभाव तितका पडत नाही. मृत्यू ही घटना असते, तिला तारीख असते. अर्धपोटी राहण्याला ती नसते.

2001 मध्ये अवर्षणग्रस्त राजस्थानात खेडी उपाशी होती आणि जयपूरजवळची भारतीय अन्न महामंडळाची गोदामे ओसंडत होती. देशातील धान्यसाठा 5 कोटी टनांवर गेला होता. या विसंगतीवर बोट ठेवून पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या राजस्थान शाखेने त्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. 28 नोव्हेंबर 2001 रोजी न्यायालयाने प्राथमिक शाळांत शिजवलेले मध्यान्ह भोजन देण्याचा आदेश दिला.

2002 मध्ये बारां जिल्ह्यातील सहारिया आदिवासींच्या भूकबळींच्या बातम्या गाजल्या. मेळघाटाची 1993 मधील स्थिती आठवणाऱ्या मराठी वाचकाला हे चित्र अपरिचित नाही. अशा बातमीचे आयुष्य, माझ्या मते, एका हंगामापलीकडे क्वचितच जाते. म्हणूनच न्यायालयाने 2002 मध्ये अंमलबजावणीवर देखरेखीसाठी आयुक्त नेमले, हे अधिक महत्त्वाचे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा होण्यास 2013 उजाडले.