वाढत्या उद्योगांची सामायिक माहिती-साठवण

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ओखला, नोएडा, फरिदाबाद येथे असंख्य लघुउद्योग कार्यरत आहेत. अशा उद्योगाचा आरंभ बहुधा एका संगणकावर होतो; हिशेब, देयके, आराखडे सारे त्यातच असते. कर्मचारी वाढले की एकच फाइल पाच संगणकांवर पाच रूपांत आढळू लागते आणि त्यांतील खरी कोणती, हे ठरविण्यात दिवस जातो. सामायिक साठवणीची गरज येथून सुरू होते.

त्यासाठी दोन व्यवस्था प्रचलित आहेत. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज, म्हणजेच 'नॅस', हे कार्यालयाच्या नेहमीच्या नेटवर्कला जोडलेले फाइलींचे सामायिक कपाट होय. स्टोरेज एरिया नेटवर्क अथवा 'सॅन' या व्यवस्थेत साठवणीसाठी सहसा स्वतंत्र नेटवर्क उभारलेले असते व सर्व्हरला ती जागा स्वतःच्या डिस्कसारखी भासते. मोठ्या डेटाबेससाठी ती उपयुक्त, परंतु खर्चिक आहे. वीस-पंचवीस जणांच्या कार्यालयाने केवळ विक्रेत्याच्या आग्रहास्तव ती घेऊ नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

नॅसमध्ये सामान्यतः 'रेड' पद्धतीने अनेक डिस्क एकत्र बांधतात. चार टेराबाइटच्या चार डिस्क 'रेड-५' पद्धतीने जोडल्यास बारा टेराबाइट जागा वापरता येते. एक डिस्क निकामी झाली तरी उरलेल्या तिघींवरून तिची माहिती पुन्हा उभी करता येते. ही सोय म्हणजेच बॅकअप, असा समज मात्र सर्वत्र आढळतो व तो घातक आहे. चुकून पुसलेली फाइल या साऱ्या संचातूनच नाहीशी होते.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेवर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेला सायबर हल्ला या दृष्टीने अभ्यसनीय आहे. शासनाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार पाच सर्व्हर बाधित झाले व सुमारे १.३ टेराबाइट माहिती कूटबद्ध करण्यात आली. नेटवर्कचे विभाजन योग्य नसणे हे त्यामागील कारण होते. कित्येक दिवस नोंदी हाताने कराव्या लागल्या. ई-हॉस्पिटल प्रणालीची माहिती परत मिळाली ती हल्ल्यातून वाचलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून.

ज्या नेटवर्कमुळे फाइल सर्वांच्या हाती येते, त्याच वाटेने हल्लेखोरही येतो. म्हणून त्याच नेटवर्कवर, त्याच पासवर्डने उघडणारी दुसरी पेटी ही दुसरी प्रत नव्हे. एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली हवी आणि एक दूरही हवी. ओखल्याची प्रत यमुनेपलीकडे नोएडात ठेवल्याने आगीपासून संरक्षण मिळेल, भूकंपापासून नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा केंद्रेही दिल्लीखेरीज पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत.

कायद्याचाही येथे संबंध येतो. ऑगस्ट २०२२ मधील नियमदुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या कंपन्यांना त्याचा बॅकअप भारतातील सर्व्हरवर दररोज ठेवणे बंधनकारक झाले. वस्तू व सेवा कराच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात.

यंत्र बसवून काम संपत नाही. दर तिमाहीस एखादी खतावणी बॅकअपमधून काढून वेगळ्या संगणकावर उघडून पाहावी आणि त्यास किती तास लागले, याची नोंद करावी.