आमच्या घरचा जमाखर्च आणि ‘सरासरी कुटुंब’

अर्थशास्त्राच्या तासाला ‘सरासरी कुटुंब’ हा शब्द वरचेवर कानी पडतो. हे कुटुंब किती खर्च करते, काय खाते, हे पाहावे आणि त्याच्या शेजारी आपले घर मांडावे, असे मनात आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पण हिशेबाची वही आमच्याकडे जुनी आहे. आई चौथीपर्यंतच शिकली, तरी रोजचा खर्च लिहून ठेवते.

तुलनेसाठी मी राष्ट्रीय नमुना पाहणीचे आकडे घेतले. प्रा. महालनोबिस यांच्या पुढाकाराने 1950 साली या पाहणीची सुरुवात झाली. पुण्याच्या गोखले संस्थेतील प्रा. वि. म. दांडेकर व प्रा. नीळकंठ रथ यांचा दारिद्र्याविषयीचा 1971 सालचा प्रसिद्ध अभ्यास याच पाहणीच्या आकड्यांवर आधारलेला होता. ऑगस्ट 2023 ते जुलै 2024 या काळातील पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरमहा दरडोई खर्च 4,122 रुपये आणि शहरी भागात 6,996 रुपये होता. पाच माणसांच्या ग्रामीण घराला हा खर्च 20,610 रुपये पडतो. आमच्या वहीतील हेच बारा महिने मी निवडले.

वडील आडतीवर हमाली करतात, आई शिवणकाम करते. दोघांची मिळकत महिन्याला सरासरी 15,000 रुपये. रोख खर्च 12,600 रुपये. मात्र एवढ्यावर तुलना करणे बरोबर नव्हे. पाहणीत घरच्या शेतातले धान्यही किंमत लावून खर्चात धरतात. आमच्या दोन एकरांतील ज्वारी व तूर महिन्याला सुमारे 1,400 रुपयांची खाल्ली जाते. ती मिळवली म्हणजे एकूण खर्च 14,000 रुपये, अर्थात दरडोई 2,800 रुपये होतो. सरासरीच्या तो सुमारे दोन-तृतीयांश आहे.

आता अन्नाचा वाटा पाहू. उत्पन्न वाढते तसा खर्चातील अन्नाचा वाटा घटतो, हा नियम अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने 1857 साली मांडला. ग्रामीण भारतात हा वाटा 47.04 टक्के आहे. आमच्या घरी अन्नावर 6,600 रुपये, म्हणजे 47 टक्केच! टक्केवारी पाहून कोणी म्हणेल, दोन्ही घरे सारखीच. पण रुपयांत पाहिले तर सरासरी माणसाच्या ताटात महिन्याला 1,939 रुपयांचे अन्न पडते, आमच्याकडे 1,320 रुपयांचे. आम्ही अन्नाबरोबर इतर सर्वच बाबींना सारखी कात्री लावली आहे, म्हणून फरक टक्क्यांत दिसत नाही. फरक दिसतो तो चहा, बिस्किटे, फरसाण, बाहेरचे खाणे यांत. ग्रामीण सरासरी सुमारे 10 टक्के, तर आमच्याकडे 420 रुपये, म्हणजे 3 टक्के.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘सरासरी कुटुंब’ गावात शोधून सापडणार नाही. याच पाहणीत ग्रामीण भागातील तळच्या 5 टक्के लोकांचा दरडोई खर्च 1,677 रुपये, तर वरच्या 5 टक्क्यांचा 10,137 रुपये आहे. वरची मंडळी सरासरीला आपल्याकडे ओढून घेतात.

शिलकीकडे वळू. महिन्याला 2,400 रुपये उरतात. त्यांतून बचत गटाची वर्गणी, पोस्टातील आवर्ती ठेव आणि थोडी हातशिल्लक. वर्षाचे 28,800 रुपये, म्हणजे रोख मिळकतीच्या 16 टक्के. हा आकडा पाहून मला अभिमान वाटला. परंतु ही शिल्लक आली कोठून, हे पाहण्यासाठी मी न केलेल्या खर्चाचे तीन भाग पाडले.

पहिला भाग टाळलेल्या खर्चाचा. फरसाण आणले नाही, त्याने कोणाचे काही बिघडले नाही. दुसरा कष्टाने भागवलेल्या खर्चाचा. आई आमचे कपडे घरी शिवते, आंघोळीचे पाणी चुलीवर तापते. येथे पैसा वाचतो, पण कोणाचे तरी अंग झिजते आणि त्याची नोंद वहीत होत नाही. तिसरा पुढे ढकललेल्या खर्चाचा. आईचा चष्मा 1,500, आजीची कवळी 7,000, मागच्या पडवीचे पत्रे 11,000. एकूण 19,500 रुपये. हे खर्च टळलेले नाहीत, थांबलेले आहेत. ते वजा केले तर वर्षाची खरी शिल्लक 9,300 रुपये उरते, म्हणजे जेमतेम 5 टक्के.

काटकसर आणि नाइलाज यांत हाच भेद आहे. जिच्या डोळ्यांवर घराची 4,500 रुपयांची मिळकत उभी आहे, तिचाच चष्मा दोन वर्षे लांबवणे याला मी बचत म्हणणार नाही. ते आपल्याच घराकडून घेतलेले कर्ज होय. हा हिशेब मी घरी वाचून दाखवला. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पत्रे राहू देत, आधी चष्मा करू.”

विद्यार्थी मित्रमैत्रिणींना एवढेच सुचवावेसे वाटते की, सुटीत घरच्या खर्चाची वही घालावी आणि तिच्यात एक रकाना थांबलेल्या खर्चासाठी ठेवावा. सरासरीशी तुलना करण्यापूर्वी तो रकाना भरावा. घराची खरी स्थिती तेथे समजते.