चक्राचा तोल

तराजूचा तोल म्हणजे काय, हे व्यापारी बंधूंना सांगावयास नको. परंतु आज आपल्यापैकी कित्येकांच्या पेढीस गिरणी, तेलघाणा किंवा लहानसा कारखाना जोडलेला असतो. तेथील फिरत्या चक्रालाही तोल असतो, हे आपण बहुधा नुकसान सोसल्यावरच शिकतो.

आमचेही तसेच झाले. गिरणीतील पंख्याचे बेअरिंग एकाच हंगामात तीनदा बदलावे लागले. माल खोटा, असे ठरवून आम्ही विक्रेत्यास चारचौघांत बोल लावला. पुढे एका जाणत्या फिटरने पंखा उघडला, तेव्हा काही पात्यांवर पिठाचा व भुशाचा जाड थर आढळला. दोष बेअरिंगचा नव्हता, तोलाचा होता.

यामागील गणित सोपे आहे. चक्राच्या एका बाजूस अधिक असलेले वजन फिरताना बाहेर ओढ घेते. ही ओढ वजनाच्या व मध्यापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढते, आणि वेग दुप्पट झाला की चौपट होते. मध्यापासून 30 सेंटिमीटरवर केवळ 10 ग्रॅम अधिक असले, तर मिनिटास 1500 फेऱ्यांना ती ओढ सुमारे साडेसात किलो वजनाइतकी होते आणि 3000 फेऱ्यांना सुमारे 30 किलो. हा भार प्रत्येक फेरीत दिशा बदलीत बेअरिंगवर आदळतो.

अरुंद चक्राचा तोल पाहण्याची रीत अशी : वीज पूर्ण बंद करून चक्र काढावे व स्वच्छ करावे. त्याचा दांडा दोन समांतर, सपाट व तंतोतंत समपातळीतील पट्ट्यांवर ठेवावा. जड बाजू आपोआप खाली येईल. तिच्या समोरच्या बाजूस थोडेथोडे मेण लावावे. चक्र कोठेही थांबविले तरी स्थिर राहू लागले, म्हणजे मेण तोलून तेवढेच वजन त्याच अंतरावर पक्के बसवावे. दुप्पट अंतरावर बसविल्यास निम्मे पुरते.

लांब पिंपासारख्या भागास ही परीक्षा अपुरी पडते. एका टोकास वजन वर आणि दुसऱ्या टोकास तितकेच खाली अधिक असेल, तर पट्ट्यांवर तो निश्चल राहतो. फिरू लागताच मात्र दोन्ही टोके उलटसुलट हेलकावतात. त्याचा तोल यंत्रावर फिरवूनच, दोन्ही टोकांशी सुधारावा लागतो.

एका सिलिंडरच्या इंजिनाची गोष्ट आणखी निराळी. त्यातील दट्ट्या सरळ मागेपुढे धावतो, गोल फिरत नाही. क्रँकवरील प्रतिभाराने त्याचा धक्का पूर्ण मारू गेल्यास तेवढाच धक्का आडवा उमटतो. म्हणून रचनाकार साधारणतः निम्म्याच्या आसपास भाग तोलतात; उरलेला भक्कम पायाने सोसावयाचा असतो.

तथापि प्रत्येक थरथर तोल बिघडल्याचीच असते असे नाही. सैल बोल्ट, वाकलेला दांडा, मोटर व यंत्र यांची चुकलेली रेषा हे आधी पाहावे. आपल्या घरच्या तरुणांनी हे ज्ञान अवश्य मिळवावे. बेळगावसारख्या ओतकामाच्या व यंत्रकामाच्या केंद्रात शिकविणारे हात जवळच आहेत.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी आम्ही विक्रेत्याच्या दुकानी गेलो आणि चारचौघांतच क्षमा मागितली. चक्राचा तोल मेणाने साधला होता. आमचा तेथे साधला.